धावपट्टीपर्यंतचा प्रवास: गर्दीच्या विमानतळावर विमानं एकमेकांना धडकू नयेत म्हणून काय केलं जातं?

विमान गेटवरून मागे सरकतं, वळतं, थोडं पुढे जातं आणि थांबतं. परत चालू लागतं, परत थांबतं. 'इथेही ट्रॅफिक!' म्हणत कुणी मोबाइल काढतं, कुणी घड्याळ बघतं. खरा प्रवास अजून सुरू व्हायचाय, असंच बहुतेकांना वाटत असतं.

पण विमान वाहतुकीच्या इतिहासातला सर्वांत भीषण अपघात जमिनीवर झालेला आहे. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरीफ बेटावर दोन बोइंग ७४७ विमानं एकाच धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ जणांचा जीव गेला. दोन्ही विमानं धडधाकट होती. इंजिन बंद पडलं नव्हतं, पंख तुटला नव्हता. एक विमान धावपट्टीवरून चालत होतं आणि दुसऱ्याने उड्डाणासाठी धाव घेतली, एवढंच घडलं.

मोठ्या विमानतळावर एकाच वेळी कितीतरी विमानं, शिवाय टँकर, सामानाचे ट्रॅक्टर, बस आणि जीप फिरत असतात. मग ही सगळी वाहनं एकमेकांना धडकत कशी नाहीत? आणि इतकी काळजी घेऊनही कधीकधी धडकतात, ती का? समजून घेऊया.

टॅक्सी करणं म्हणजे काय?

विमान स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर जमिनीवरून चालतं, त्याला 'टॅक्सी करणं' म्हणतात. विमानं जिथे उभी राहतात, प्रवासी चढतात-उतरतात तो भाग म्हणजे एप्रन. जिथून उडतात आणि जिथे उतरतात ती धावपट्टी. आणि या दोन्हींना जोडणारे रस्ते म्हणजे टॅक्सीवे.

प्रवासी विमान सहसा स्वतःहून मागे जात नाही. त्यामुळे गेटवरून निघताना एक ट्रॅक्टर त्याला मागे ढकलतो. याला पुशबॅक म्हणतात. त्यासाठीही परवानगी लागते, कारण नेमकं त्याच वेळी मागून दुसरं विमान जात असू शकतं. पुढे चालायला लागण्याआधी वैमानिक जमिनीवरची वाहतूक सांभाळणाऱ्या नियंत्रकाकडे मार्ग मागतो. टॅक्सीवेंना इंग्रजी अक्षरांची नावं असतात. 'अमुक टॅक्सीवेने जा, तमुकवर डावीकडे वळा, धावपट्टीच्या अलीकडे थांबा', असा मार्ग मिळतो. वैमानिक तो लिहून घेतो, नकाशावर ताडून बघतो आणि नियंत्रकाला परत वाचून दाखवतो. धावपट्टीजवळ पोहोचलं की विमान दुसऱ्या नियंत्रकाच्या ताब्यात जातं. धावपट्टीवर पाऊल ठेवायचं की नाही, हे तो ठरवतो.

विमानाचा वेग यावेळी फार नसतो. सरळ रस्त्यावर साधारण २० ते ३० नॉट, म्हणजे ताशी ३५ ते ५५ किलोमीटर. वळणावर १० नॉटच्या आसपास. शहरातल्या रिक्षाचा वेग म्हणा ना. फरक असा की ही 'रिक्षा' सत्तर टनांची असते, तिचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ३५ मीटर पसरलेले असतात आणि त्याच पंखांत इंधन भरलेलं असतं.

आकाशापेक्षा जमिनीवर जास्त अडचण का?

आकाशात दोन विमानांमध्ये अंतर राखायला जागा भरपूर असते. एक वर, एक खाली ठेवता येतं. तरीही नियंत्रकाची किंवा वैमानिकाची चूक झाली, तर शेवटचा उपाय म्हणून विमानातच एक यंत्रणा असते. तिचं नाव टीकॅस. समोरून दुसरं विमान येत असेल तर ती एका वैमानिकाला 'वर जा' आणि दुसऱ्याला 'खाली जा' असं सांगते. नियंत्रकाचं सांगणं वेगळं असलं तरी अशा वेळी यंत्राचं ऐकायचं, असा नियम आहे.

जमिनीवर ना वर जाता येतं, ना खाली. म्हणून टीकॅसचे हे आदेश जमिनीजवळ आपोआप बंद होतात. दोन विमानांमधलं अंतर इथे मैलांत नसतं, काही मीटरचं असतं. सगळे रस्ते एकमेकांना छेदतात आणि बरेचसे रस्ते शेवटी धावपट्टीलाच जाऊन मिळतात.

धोका मुख्यतः तीन प्रकारचा असतो. पहिला, एकाच टॅक्सीवेवर दोन विमानं समोरासमोर येणं किंवा चौकात एकत्र पोहोचणं. यात सहसा जीव जात नाही, पण दोन्ही विमानं अडकतात, कारण मागे कुणालाच जाता येत नाही. मग ट्रॅक्टर बोलवावा लागतो आणि मागची रांग खोळंबते. दुसरा, चालत्या विमानाचा पंख उभ्या विमानाला घासणं. तिसरा आणि सर्वांत घातक, चालणारं विमान चुकून धावपट्टीवर जाणं. धावपट्टीवरचं विमान ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास धावत असतं. त्याला थांबायला जागा नसते आणि वळताही येत नाही.

जमिनीवर शेवटचा उपाय नाही, म्हणून आधीचे उपाय एकावर एक रचावे लागतात. रेषा, शब्द, दिवे, रडार आणि खुद्द रस्त्यांची आखणी. एक हुकला तर दुसऱ्याने सावरावं, ही त्यामागची कल्पना. मोठ्या अपघातांचे अहवाल वाचले तर दिसतं, की तिथे एकाच वेळी यांतले दोन-तीन उपाय हुकलेले असतात.

पिवळ्या रेषा, लाल पाट्या

सर्वांत साधा उपाय रंगाचा. धावपट्टीवरच्या खुणा पांढऱ्या असतात आणि टॅक्सीवेवरच्या पिवळ्या. रात्री टॅक्सीवेच्या कडेला निळे दिवे आणि मधोमध हिरवे दिवे दिसतात. खिडकीतून निळे दिवे दिसत असतील, तर तुमचं विमान अजून टॅक्सीवेवर आहे असं समजा.

काळ्या पाटीवर पिवळं अक्षर म्हणजे 'तुम्ही इथे आहात'. पिवळ्या पाटीवर काळं अक्षर म्हणजे 'तो रस्ता इकडे आहे'. आणि लाल पाटीवर पांढरे आकडे म्हणजे पुढे धावपट्टी आहे, परवानगीशिवाय जायचं नाही. हे आकडे दिशेवरून येतात. मुंबईची मुख्य धावपट्टी एका टोकाने ०९ आणि दुसऱ्या टोकाने २७ आहे, कारण ती पूर्व-पश्चिम आहे. होकायंत्रावर ९० आणि २७० अंश.

लाल पाटीच्या रांगेत जमिनीवर चार पिवळ्या आडव्या रेषा असतात. दोन सलग, दोन तुटक. सलग रेषा आपल्या बाजूला असतील तर थांबायचं. तुटक रेषा आपल्या बाजूला असतील तर आपण धावपट्टीवरून बाहेर येतोय, म्हणून ओलांडून पुढे जायचं. मोठ्या धावपट्ट्यांवर ही खूण मध्यरेषेपासून साधारण ९० मीटर अलीकडे असते.

टॅक्सीवेला नाव देताना आय, ओ आणि एक्स ही अक्षरं वापरत नाहीत. पहिली दोन एक आणि शून्यासारखी दिसतात, आणि फुलीचा अर्थ 'रस्ता बंद' असा होतो. इतक्या बारीकसारीक गोष्टींचा विचार करावा लागतो, कारण एका अक्षराच्या गोंधळाने काय होतं हे पुढे बघूच.

एका शब्दाची किंमत: टेनेरीफ

टेनेरीफला त्या दिवशी एवढी मोठी विमानं येणारच नव्हती. शेजारच्या ग्रान कनारिया बेटावरच्या विमानतळात बॉम्ब फुटला आणि तिकडची विमानं या छोट्या विमानतळावर वळवली गेली. उभं राहायला जागा पुरेना, म्हणून काही विमानं टॅक्सीवेवरच उभी राहिली. टॅक्सीवे अडल्यामुळे निघणाऱ्या विमानांना धावपट्टीवरूनच चालत टोकाला जावं लागत होतं. त्यात दाट धुकं उतरलं. नियंत्रकाला विमानं दिसत नव्हती, वैमानिकांना एकमेकांची विमानं दिसत नव्हती आणि जमिनीवरचं रडार तिथे नव्हतं.

केएलएमचं विमान टोकाला जाऊन उड्डाणाच्या तयारीत उभं होतं. त्याच्या मागून पॅन अॅमचं विमान धावपट्टीवरून चालत येत होतं. त्याला तिसऱ्या फाट्याने बाहेर पडायला सांगितलं होतं, पण ते तिथे वळलं नाही आणि चौथ्याकडे निघालं. केएलएमला उड्डाणानंतरचा मार्ग सांगण्यात आला, त्यात 'टेक-ऑफ' हा शब्द आला. प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी मात्र दिलेली नव्हती. केएलएमच्या सहवैमानिकाने मार्ग परत वाचला आणि 'आम्ही आता टेक-ऑफवर आहोत' अशा अर्थाचं वाक्य बोलला. नियंत्रकाला वाटलं, ते उड्डाणाच्या जागेवर उभे आहेत. प्रत्यक्षात विमान सुटलं होतं.

नियंत्रकाने 'थांबा, मी सांगतो' म्हटलं. त्याच क्षणी पॅन अॅमकडूनही 'आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत' असा संदेश गेला. दोघे एकदम बोलल्याने केएलएमच्या कॉकपिटमध्ये फक्त कर्कश आवाज ऐकू आला. तिथल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली आणि त्याने ती विचारली. अनुभवी कॅप्टनने ती झटकून टाकली. त्यानंतर काही सेकंदांत टक्कर झाली.

या अपघाताने विमानांच्या रेडिओवरची भाषा बदलली. आता 'टेक-ऑफ' हा शब्द फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा. इतर वेळी 'डिपार्चर' म्हणायचं. 'धावपट्टीच्या अलीकडे थांबा' ही सूचना नुसतं 'ओके' म्हणून मान्य होत नाही. ती धावपट्टीच्या क्रमांकासह शब्दशः परत म्हणून दाखवावी लागते. अमेरिकेत २०१० पासून वाटेतली प्रत्येक धावपट्टी ओलांडायला वेगळी, स्पष्ट परवानगी घ्यावी लागते. कनिष्ठ माणसाने वरिष्ठाला टोकायचं आणि वरिष्ठाने ते ऐकायचं, हे प्रशिक्षण वैमानिकांना देण्याची सुरुवातही टेनेरीफसारख्या अपघातांमुळेच झाली.

वाट चुकली तर: मिलान

८ ऑक्टोबर २००१. इटलीतल्या मिलान शहराचा लिनाते विमानतळ, सकाळची वेळ आणि दाट धुकं. एका छोट्या सेसना जेटला आर-५ या टॅक्सीवेने जायला सांगितलं होतं. ते आर-६ ने गेलं. तो रस्ता थेट चालू धावपट्टीवर जात होता आणि त्याच वेळी एसएएस कंपनीचं एमडी-८७ विमान उड्डाणासाठी धावत होतं. ११८ जणांचा मृत्यू झाला. त्यात जमिनीवर काम करणारे चार कर्मचारीही होते.

वाट चुकणं ही वैमानिकाची चूक खरीच. पण तपासात दिसलं ते वेगळंच होतं. खुणा पुसट आणि अपुऱ्या होत्या. जमिनीवरचं जुनं रडार काढून टाकलेलं होतं आणि नवीन अजून चालू झालं नव्हतं. सेसनाच्या वैमानिकाने रेडिओवर एका खुणेचं नाव सांगितलं होतं. ती खूण चुकीच्या रस्त्यावरची होती. नियंत्रकाला ते नावच माहीत नव्हतं, त्यामुळे चूक पकडण्याची ती संधी हुकली.

ज्या चौकात गोंधळ होण्याची शक्यता जास्त, तो आज नकाशावर वर्तुळ काढून दाखवला जातो. त्याला 'हॉट स्पॉट' म्हणतात. घाटातल्या 'अपघातप्रवण क्षेत्र' पाटीसारखंच हे. तिथे पोहोचण्याआधी दोन्ही वैमानिकांनी त्याबद्दल बोलून घ्यायचं असतं. अनेक वैमानिक आता टॅबलेटवरच्या हलत्या नकाशावर स्वतःचं विमान नेमकं कुठे आहे ते बघतात. 'तुम्ही अमुक धावपट्टीजवळ येत आहात' असं बोलून सांगणारी यंत्रणाही काही विमानांत असते.

आणि तरीही वाट चुकलीच तर? नियम सोपा आहे. थांबायचं आणि 'मी कुठे आहे ते मला कळत नाही' असं सांगायचं. धावपट्टीवर असल्याची शंका असेल तर मात्र आधी तिथून बाहेर पडायचं. हे वाक्य रेडिओवर सगळ्यांसमोर बोलायला कमीपणा वाटू शकतो, म्हणूनच ते प्रशिक्षणात शिकवावं लागतं.

दिवे आणि रडार: माणूस विसरला तर

चूक नियंत्रकाकडूनही होते. १ फेब्रुवारी १९९१ च्या रात्री लॉस एंजेलिसला एका नियंत्रकाने छोट्या विमानाला धावपट्टीवर उभं राहायला सांगितलं आणि कामाच्या गडबडीत ते तिथे आहे हेच तिच्या लक्षातून गेलं. त्याच धावपट्टीवर मोठं विमान उतरलं. ३५ जण गेले. माणसाची स्मरणशक्ती हा सुरक्षेचा एकमेव आधार असू नये, हे अशा घटनांतून पक्कं झालं.

मोठ्या विमानतळांवर आता जमिनीवरचं रडार असतं. विमानाच्या ट्रान्सपॉन्डरचे संकेत आजूबाजूचे अनेक अँटेना पकडतात आणि त्यावरून त्याची जागा काढतात. धुक्यातही नियंत्रकाला पडद्यावर प्रत्येक विमान नावासह दिसतं. धावपट्टीवर दोन विमानं एकदम आली तर यंत्रणा इशारा देते. १३ जानेवारी २०२३ रोजी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सचं एक विमान परवानगी नसलेली धावपट्टी ओलांडू लागलं. त्याच धावपट्टीवर डेल्टाचं विमान उड्डाणासाठी धावत होतं. नियंत्रकाला इशारा मिळाला, त्याने लगेच उड्डाण रद्द करायला सांगितलं आणि डेल्टाचं विमान वेळेत थांबलं.

धावपट्टीच्या तोंडाशी टॅक्सीवेवर आडवी लाल दिव्यांची रांग असते, तिला 'स्टॉप बार' म्हणतात. नियंत्रक परवानगी देतो तेव्हा लाल दिवे विझतात आणि पुढचे हिरवे लागतात. तोंडी परवानगी मिळाली पण लाल दिवे चालू आहेत, तर जायचं नाही, आधी विचारायचं. अमेरिकेतल्या २० मोठ्या विमानतळांवर आणखी एक व्यवस्था आहे. तिथे रडारच्या माहितीवरून लाल दिवे आपोआप लागतात. नियंत्रकाने बटण दाबायची गरज नसते. सिंगापूरच्या चांगी आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळांवर याहून पुढची पद्धत दिसते. विमानाच्या समोरचे तेवढेच हिरवे दिवे लागत जातात आणि वैमानिकाने त्यांच्या मागोमाग जायचं असतं.

मग आता सगळं सुरक्षित झालं का? २ जानेवारी २०२४ ची टोकियोतली घटना याचं उत्तर देते. हानेडा विमानतळावर जपान तटरक्षक दलाचं छोटं विमान नोटो द्वीपकल्पातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालं होतं. त्याला सी-५ या थांब्यापर्यंत जायला सांगताना 'तुमचा क्रमांक पहिला' असंही सांगितलं गेलं. विमानातल्या लोकांचा समज झाला की धावपट्टीवर जायची परवानगी मिळाली. विमान धावपट्टीवर गेलं आणि सुमारे ४० सेकंद तिथेच उभं राहिलं. जपान एअरलाइन्सचं ए-३५० विमान उतरताना त्याच्यावर आदळलं. तटरक्षक दलाच्या सहापैकी पाच जणांचा मृत्यू झाला. मोठ्या विमानातले सगळे ३७९ जण पेटत्या विमानातून जिवंत बाहेर पडले.

नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर धोक्याचा रंग उमटला होता, पण तो कुणाच्या लक्षात आला नाही. सी-५ चे लाल दिवे देखभालीसाठी बंद होते. अंधारात छोटं विमान मोठ्या विमानाच्या वैमानिकांना दिसलं नाही. उपाय सगळे जागेवर होते, पण त्या ४० सेकंदांत एकही कामी आला नाही. नंतर जपानने पडद्याकडे सतत बघायला वेगळा माणूस नेमला आणि 'क्रमांक पहिला' असं सांगणं काही काळ थांबवलं.

सगळ्यात चांगला उपाय: ओलांडायचंच नाही

रेल्वे फाटकावर गेटमन ठेवता येतो, घंटा लावता येते, दिवा लावता येतो. पण उड्डाणपूल बांधला की फाटकच उरत नाही. विमानतळावरही हेच लागू होतं.

अनेक विमानतळांवर दोन समांतर धावपट्ट्या असतात. बाहेरच्या धावपट्टीवर विमान उतरतं आणि टर्मिनलला जाण्यासाठी त्याला आतली, उड्डाणांची धावपट्टी ओलांडावी लागते. अमेरिकेतल्या अटलांटा विमानतळावर रोज शेकडो वेळा असं ओलांडणं चालायचं. २००७ मध्ये तिथे आतल्या धावपट्टीच्या टोकाला वळसा घालून जाणारा टॅक्सीवे सुरू झाला. तो धावपट्टीपेक्षा सुमारे ९ मीटर खाली आहे, म्हणजे वरून उडणाऱ्या विमानाला खालून जाणाऱ्या विमानाच्या शेपटीची अडचण होत नाही. अंतर वाढलं, पण ओलांडण्यासाठी थांबणं संपलं आणि धोकाही गेला.

लॉस एंजेलिसला दोन धावपट्ट्यांच्या मधली जागा अपुरी होती. उतरलेलं विमान बाहेर वळलं की थेट दुसऱ्या धावपट्टीच्या तोंडाशी यायचं. म्हणून तिथे एक अख्खी धावपट्टी ५५ फूट दक्षिणेला सरकवून नव्याने बांधली आणि मधे टॅक्सीवे टाकला. दिल्लीला जुलै २०२३ मध्ये रस्त्यावरून जाणारा उन्नत टॅक्सीवे सुरू झाला. त्याने काही विमानांचं जमिनीवरचं अंतर नऊ किलोमीटरवरून दोन किलोमीटरवर आलं. जितकं कमी चालणं, तितके कमी चौक.

अशी कामं खर्चिक असतात आणि त्यांना मोकळी जमीन लागते. चारही बाजूंनी शहराने वेढलेल्या विमानतळाला ती मिळत नाही.

मुंबईत आणि देशात काय स्थिती?

मुंबई विमानतळ हे त्याचं ठळक उदाहरण. ०९-२७ आणि १४-३२ या इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन असूनही एका वेळी एकच वापरता येते. तिच्यावर दिवसाला नऊशेच्या वर विमानं चढ-उतार करतात. वस्तीमुळे पसरायला जागा नाही. एक विमान उतरून फाट्याने लवकर बाहेर पडलं, तरच पुढच्याला जागा मिळते. म्हणूनच धावपट्टीतून तिरके, वेगाने बाहेर पडता येतील असे फाटे काढलेले असतात आणि वैमानिकांनी धावपट्टीवर रेंगाळू नये, अशी अपेक्षा असते.

८ जून २०२४ रोजी याच धावपट्टीवर एअर इंडियाचं विमान उडत असतानाच इंडिगोचं विमान मागे उतरल्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. दोन्ही विमानं सुखरूप राहिली. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने चौकशी सुरू केली आणि संबंधित नियंत्रकाला कामावरून बाजूला केलं.

२३ ऑगस्ट २०२३ ला दिल्लीत आणखी गंभीर प्रसंग ओढवला होता. अहमदाबादहून उतरलेल्या विस्ताराच्या विमानाला धावपट्टी ओलांडायला सांगितलं गेलं आणि त्याच धावपट्टीवर बागडोगऱ्याला निघालेल्या विस्ताराच्याच विमानाला उड्डाणाची परवानगी मिळाली. ओलांडणाऱ्या विमानाच्या महिला कॅप्टनच्या हे ध्यानात आलं. तिने लगेच नियंत्रकाला सावध केलं आणि उड्डाण रद्द झालं. परवानगी हातात असतानाही तिने बाहेर काय चाललंय हे बघितलं आणि रेडिओवर इतरांना काय सांगितलं जातंय तेही ऐकलं. जमिनीवर शेवटचा उपाय उरतो तो हाच.

धोका फक्त विमानांचा नसतो. फेब्रुवारी २०२० मध्ये पुण्यात उड्डाणासाठी धावणाऱ्या एअर इंडियाच्या विमानासमोर धावपट्टीवर जीप आली. वैमानिकाने विमान वेळेआधीच उचललं. मागचा भाग घासला, पण विमान दिल्लीला नीट उतरलं. मे २०२४ मध्ये पुण्यातच धावपट्टीकडे निघालेल्या विमानाची सामानाच्या ट्रॅक्टरशी टक्कर झाली.

पंखाचं टोक दिसतच नाही

आणखी एक गोष्ट प्रवाशांना माहीत नसते. खिडकीत बसलेल्या प्रवाशाला पंखाचं टोक दिसतं, पण अनेक मोठ्या विमानांच्या वैमानिकांना ते कॉकपिटमधून दिसत नाही. ए-३८० चे पंख जवळपास ८० मीटर पसरतात. मधल्या पिवळ्या रेषेवर नाकाखालचं चाक ठेवलं की पंखाला पुरेशी जागा मिळते, या भरवशावर विमान चालतं. शेजारचं विमान त्याच्या जागी पूर्ण आत शिरलेलं नसेल, तर हा भरवसा फसतो.

एप्रिल २०११ मध्ये न्यूयॉर्कला एअर फ्रान्सच्या ए-३८० चा पंख एका छोट्या विमानाच्या शेपटीला लागला आणि ते छोटं विमान प्रवाशांसकट गर्रकन फिरलं. सप्टेंबर २०२४ मध्ये अटलांटाला डेल्टाच्या ए-३५० च्या पंखाने दुसऱ्या विमानाची शेपटीच मोडली. मार्च २०२४ मध्ये कोलकात्यात इंडिगोच्या विमानाचा पंख एअर इंडिया एक्सप्रेसच्या उभ्या विमानाला घासला. अशा घटनांत जखमी फारसे होत नाहीत, पण दोन विमानं जागच्या जागी अडकतात आणि शेकडो प्रवाशांचा प्रवास खोळंबतो. म्हणून अरुंद जागी पंखाच्या टोकापाशी माणूस उभा करतात किंवा सरळ थांबून ट्रॅक्टर मागवतात.

कॉकपिटमधली शिस्त आणि आपली शिस्त

टॅक्सी करताना कॉकपिटमध्ये कामाव्यतिरिक्त गप्पा चालत नाहीत. १९८१ पासून अमेरिकेत असलेला हा नियम आता सगळीकडे पाळला जातो. एक वैमानिक विमान चालवतो, दुसरा नकाशा आणि रेडिओ सांभाळतो. धावपट्टी ओलांडण्याआधी दोघेही डावी-उजवीकडे बघतात आणि मोठ्याने 'मोकळी आहे' म्हणतात. आपल्याला लहानपणी रस्ता ओलांडायला शिकवलं होतं, अगदी तसंच.

प्रवाशांनी यातून काय घ्यायचं? विमान जमिनीवर चालत असताना पट्टा सोडायचा नाही आणि उतरल्यावर गेटला लागेपर्यंत उठायचं नाही. समोर अचानक काही आलं तर वैमानिक जोरात ब्रेक दाबतो. अशा वेळी डोक्यावरचा कप्पा उघडून उभा असलेला माणूस आधी पडतो आणि त्याची बॅग शेजाऱ्याच्या डोक्यात.

आणि विमान टॅक्सीवेवर पाच मिनिटं नुसतंच उभं असेल, तर पुढे लाल दिवे लागलेले असतील. समोरच्या धावपट्टीवरून कुणीतरी उतरत असेल किंवा कॉकपिटमध्ये कुणीतरी 'एकदा परत विचारून घेऊ' असं म्हणत असेल. टेनेरीफला हे परत विचारणं राहून गेलं होतं.